पतसंस्थेचं सॉफ्टवेअर इंटेलवरून आर्मवर नेलं, त्याची हकिगत

आमची पुण्यातली छोटी कंपनी. सहकारी पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर करतो: कीर्द, खतावणी, पिग्मी (रोजची छोटी बचत), मुदत ठेव, कर्जखाती, दिवसअखेर, तेरीज (सगळ्या खात्यांच्या बेरजांचा ताळा). ग्राहक मुख्यतः सातारा, सांगली, कोल्हापूर आणि नगर भागातले. सर्व्हर अ‍ॅमेझॉनच्या मुंबई रीजनमध्ये, म्हणजे तिथल्या डेटा सेंटरांत, भाड्याने घेतलेले. ते सर्व्हर, बॅकअप आणि महिन्याचं बिल या तिन्ही गोष्टी माझ्या गळ्यात. २०२५ च्या जूनपासून नोव्हेंबरपर्यंत आम्ही हे सगळं एक्स८६ (म्हणजे इंटेल-एएमडीच्या) प्रोसेसरवरून आर्म प्रोसेसरवर हलवलं. काम सुरू करताना आमच्यासारख्या छोट्या दुकानांचा अनुभव मी बराच शोधला. जे मिळालं ते मोठ्या कंपन्यांचं, टाळ्या घेणारं. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

सुरुवात बिलावरून झाली. जूनच्या पहिल्या आठवड्यात आमचे थोरले भागीदार (सगळे त्यांना दादा म्हणतात) मे महिन्याचं बिल घेऊन टेबलापाशी आले. १ लाख ६२ हजार, वर १८ टक्के जीएसटी. जीएसटीचं क्रेडिट मिळतं, पण मूळ रक्कम तर जातेच. "ग्राहक वाढले नाहीत आणि बिल का वाढतंय?" असा साधा प्रश्न होता. उत्तर होतं डिस्क आणि बॅकअप. पण त्या निमित्ताने मी मशीनच्या यादीत पुन्हा डोकावलो. आमची सगळी मशीन एम५ मालिकेतली, म्हणजे काही वर्षांपूर्वीच्या इंटेलवरची. नव्या मालिकांमध्ये आकड्यानंतरचं अक्षर महत्त्वाचं: आय असेल तर इंटेल, ए असेल तर तिची प्रतिस्पर्धी एएमडी आणि जी असेल तर ग्रॅव्हिटन, म्हणजे अ‍ॅमेझॉनने स्वतः बनवून घेतलेला आर्म प्रोसेसर. एकाच मापाच्या तीन मशीनचे तीन दर समोर मांडलेले असतात आणि जी सगळ्यांत स्वस्त असतं. फरक किती, ते मापावर आणि रीजनवर अवलंबून असतं. दुसऱ्याच्या लेखातला टक्का धरून हिशेब करू नका, आपल्याच स्क्रीनवरचा दर बघा.

दादांनी विचारलं, "हे आर्म म्हणजे कोण? इंटेलसारखी कंपनी का?" तेव्हा जे सांगितलं ते इथेही सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ त्यातून कळतो.

इंटेलचा ८०८६ आला १९७८ मध्ये. १९८१ मध्ये आयबीएमने आपल्या पीसीत त्याचाच भाऊबंद ८०८८ घातला आणि तेव्हापासून ऑफिसातला संगणक म्हणजे एक्स८६ हे समीकरण झालं. आर्मचा जन्म इंग्लंडात केंब्रिजला, एकॉर्न नावाच्या कंपनीत. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी तो आखला आणि पहिली चिप २६ एप्रिल १९८५ रोजी चालली. तिचा किस्सा फर्बर स्वतः सांगतात. विजेचा वापर मोजायला लावलेला मीटर शून्य दाखवत होता आणि चिप तर चालू होती. नंतर कळलं की वीजजोडणी झालेलीच नव्हती. बाकीच्या तारांमधून येणाऱ्या चिमूटभर विजेवर ती काम करत होती! इतकी कमी वीज खाणारा प्रोसेसर पुढे फोनमध्ये गेला यात नवल नाही. आमच्या पिग्मी एजंटांच्या खिशातले सगळे फोन आर्मचेच आहेत. इंटेलनेही फोनमध्ये शिरायचा प्रयत्न करून पाहिला आणि २०१६ मध्ये तो नाद सोडला.

पण खरा फरक धंद्याच्या रीतीत आहे. एक्स८६ बनवायचा परवाना व्यवहारात इंटेल आणि एएमडी या दोघांकडेच. आर्म मात्र आराखडा आणि परवाना विकते, चिप दुसरे बनवतात. म्हणून अ‍ॅमेझॉनला २०१५ मध्ये अ‍ॅनापूर्णा लॅब्ज ही चिप आखणारी कंपनी विकत घेऊन २०१८ मध्ये स्वतःचा ग्रॅव्हिटन बाजारात आणता आला आणि २०२० मध्ये अ‍ॅपलला मॅकमधून इंटेल काढून एम१ बसवता आला. हे पाणी इतकं वर चढलं की ऑक्टोबर २०२४ मध्ये इंटेल आणि एएमडी या जन्माच्या वैऱ्यांनी एक्स८६ सांभाळायला एकत्र सल्लागार गट काढला.

दादांचं पुढचं म्हणणं रास्त होतं. "मग एएमडी घे ना. तेही स्वस्तच दिसतंय." ते सगळ्यांत सोपं होतंच. एएमडीवर जायला काही बदलावंच लागत नाही, कारण आजचा ६४ बिटांचा एक्स८६ मुळात एएमडीनेच २००३ मध्ये आणलेला. इंटेल तेव्हा इटानियम नावाचं वेगळंच आर्किटेक्चर पुढे रेटत होती. जुने प्रोग्राम त्यावर धड चालेनात आणि शेवटी इंटेललाच एएमडीची वाट धरावी लागली. तुमच्याकडे माणसं कमी असतील, स्रोत (मूळ लिहिलेला कोड) हातात नसलेले प्रोग्राम बरेच असतील, तर माझा सल्ला आजही तोच: आधी एएमडीचा दर बघा, बचत तिथेच भागत असेल तर पुढचं वाचूही नका. आमचं तिथे भागत नव्हतं. शिवाय आमच्या तिन्ही नव्या प्रोग्रामर मुलांच्या हातात एम मालिकेचे मॅकबुक होते. म्हणजे सॉफ्टवेअर लिहिलं जायचं आर्मवर आणि चालायचं एक्स८६ वर, आणि या दोन्हींच्या मधला ताप रोजचाच होता.

जुलै सगळा यादी करण्यात गेला. कंटाळवाणं काम, पण संपूर्ण प्रकरणात हेच सर्वांत मोलाचं. सर्व्हरवर जे जे चालतं ते प्रत्येक कुठून आलं, कुणी बनवलं, त्याचा स्रोत कुणाकडे आहे, हे एका तक्त्यात लिहायचं. लिनक्सवर 'फाइल' ही कमांड एखाद्या बायनरीवर (मशीनला थेट चालवता येणाऱ्या फाइलीवर) चालवली की ती कुठल्या प्रोसेसरसाठी आहे ते उत्तर येतं. मी सगळे फोल्डर तिच्याखालून काढले. जावाचे जार (बांधून ठेवलेले जावा प्रोग्राम) वरवर निरुपद्रवी वाटतात, पण काहींच्या पोटात सी मध्ये लिहिलेल्या लायब्ऱ्या असतात. जार उघडून आत .एसओ फाइल आहे का ते बघा. आमच्याकडे अशा दोन निघाल्या. दोन्हींच्या नव्या आवृत्त्यांत आर्मची फाइल होती, आवृत्ती वाढवली आणि विषय संपला.

यादीत शेवटी चार गट पडले. जावाचा मुख्य प्रोग्राम: काही करायचं नाही. पायथनमधले अहवाल: बहुतेक ठीक. सी मध्ये लिहिलेलं व्याजाचं इंजिन: स्रोत आहे, पण लिहिणारे निवृत्त. आणि बँकेकडे एनईएफटी पाठवताना संदेश सांकेतिक करणारी एक लायब्ररी: दुसऱ्या कंपनीची, स्रोत नाही, फक्त एक्स८६. या शेवटच्या गटासाठी मी त्याच दिवशी त्या कंपनीला मेल टाकला. तुम्हीही हे पहिल्याच आठवड्यात करा, कारण बाकी सगळं आपल्या हातात असतं, हे नसतं. उत्तर आलं की मागणीची नोंद घेतली आहे.

मुलांचं काम मजेत सुरू झालं. प्रत्येकाच्या डॉकरफाइलमध्ये (प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं एका 'इमेज'मध्ये बांधायची कृती) "एक्स८६ चीच इमेज घे" अशी सक्तीची ओळ होती, मॅकवरून सर्व्हरसाठी बिल्ड करता यावं म्हणून टाकलेली. ती काढली. त्याऐवजी डॉकरचं बिल्डएक्स हे साधन वापरून एकाच नावाखाली दोन्ही प्रोसेसरच्या इमेज तयार करायला लागलो. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. एक्स८६ मशीनवर आर्मची इमेज बनवता येते, पण ती क्यूइमू या, दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या, प्रोग्राममधून. पायथनच्या एका लायब्ररीला आर्मचं तयार व्हील (आधीच बांधलेलं पॅकेज) नव्हतं, ती नकलेत कंपाइल (स्रोतापासून मशीनच्या भाषेत तयार) होऊ लागली आणि चहा पिऊन, जेवून आलो तरी संपेना. शेवटी बिल्डसाठी एक लहानसं आर्म मशीन तासावर घेतलं आणि तेच काम मिनिटांत होऊ लागलं. त्याचा महिन्याचा खर्च दीड हजाराच्या आत राहिला, कारण बिल्ड संपला की ते बंद होतं. दुसरं, अल्पाइन या चिमुकल्या लिनक्सवर बेतलेल्या इमेजचा हट्ट सोडा. तिथे तयार व्हील मिळण्याची शक्यता आणखी कमी. डेबियन या दुसऱ्या लिनक्सची हलकी इमेज घेतली आणि अर्धी डोकेदुखी गेली. या काळात "एक्झेक फॉरमॅट एरर" हा संदेश वारंवार दिसेल. घाबरू नका. चुकीच्या प्रोसेसरची फाइल चालवायला घेतली, एवढाच त्याचा अर्थ.

ऑगस्टमध्ये व्याजाच्या इंजिनाला हात घातला. कंपाइल पहिल्या झटक्यात झालं आणि मला जरा शंकाच आली. जून अखेरच्या तिमाहीची माहिती दोन्ही मशीनवर टाकली, दोन्हीकडे व्याज काढलं आणि निकालाच्या फाइली शेजारी ठेवून फरक काढला. हजारो खाती जुळली. मोजक्या खात्यांत मात्र एका पैशाचा फरक. एका मुदत ठेवीवर जुन्या मशीनने १,२८४ रुपये ३७ पैसे दाखवले, नव्याने ३८.

एक पैसा म्हणजे काहीच नाही, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. पतसंस्थेत एक पैसा म्हणजे तेरीज जुळत नाही. तेरीज जुळली नाही की व्यवस्थापक घरी जात नाहीत, आणि ते घरी गेले नाहीत की माझा फोन वाजतो.

मी सांगलीला अण्णांना फोन लावला. इंजिन त्यांनीच लिहिलेलं, आता निवृत्त होऊन गावी असतात. त्यांना फाइल वाचून दाखवली.

"अण्णा, हे सगळं डबलमध्ये, म्हणजे अपूर्णांकात आहे हो. पैसे पूर्णांकात का नाही ठेवले?"

"अरे, तेव्हा दोन महिन्यांत द्यायचं होतं. आणि इतकी वर्षं जुळतंय ना? बरं, ती ओळ वाच बघू, गुणाकाराची."

ती ओळ अशी: शिल्लक गुणिले दर, आणि येईल तो गुणाकार आधीच्या व्याजात मिळवायचा. एक्स८६ साठी आमचा कंपायलर आधी गुणाकार करायचा, तो शेवटच्या बिटाला पूर्णांकित (राउंड) व्हायचा, मग बेरीज, ती पुन्हा पूर्णांकित. आर्मवर गुणाकार आणि बेरीज एकत्र करणारी सूचना पहिल्यापासून असते आणि जीसीसी हा आमचा कंपायलर ती आपण न सांगता वापरतो. त्यात पूर्णांकन एकदाच होतं. म्हणजे नवं उत्तर गणिताच्या दृष्टीने जास्त अचूक! पण ज्या खात्यात रक्कम नेमकी अर्ध्या पैशाच्या काठावर येते, तिथे हा सूक्ष्म फरक एक पैसा इकडचा तिकडे करतो. नव्या इंटेल आणि एएमडीमध्येही ही सूचना आहे, फक्त जुन्या यंत्रांवरही चालावं म्हणून कंपायलर ती तिथे आपणहून वापरत नाही.

अण्णा ऐकून हसले. "लेखापरीक्षकाला अचूक नको असतं, गेल्या वर्षीसारखं हवं असतं. ते एकत्र करणं बंद कर आधी." कंपायलरला एफएफपी-कॉन्ट्रॅक्ट हा पर्याय 'ऑफ' म्हणून दिला आणि सगळी खाती पैशाला पैसा जुळली. पुढे मुलांनी इंजिन पूर्णांक पैशांवर नेलं, ते काम मात्र वेगळं आणि सावकाश केलं. एकाच वेळी मशीनही बदलायचं आणि हिशेबाची रीतही, तर फरक आला की कुणामुळे आला ते शोधता येत नाही. तुमचा कोड गो भाषेत असेल तरी हे तपासा. तिथेही आर्मवर गुणाकार-बेरीज एकत्र होते.

सी मधला आणखी एक सापळा: लिनक्सवर 'चार' (कॅरॅक्टर, म्हणजे एक अक्षर ठेवायचा) हा प्रकार एक्स८६ वर ऋण संख्याही धरतो, आर्मवर धरत नाही. फाइल संपली का हे ऋण एकशी तुलना करून बघणारा जुना कोड आर्मवर कधी थांबतच नाही. आमच्या पासबुक छापणाऱ्या भागात असं एक लूप होतं. कंपायलरचे इशारे चालू ठेवले होते म्हणून दिसलं.

अण्णांशी फोन लांबला. त्यांची उमेदीची वर्षं पुण्यातच गेली, सीडॅक या महासंगणक बनवणाऱ्या सरकारी संस्थेच्या आसपास वावर होता. मी म्हटलं, आर्मवर जाणं म्हणजे मोठी उडी वाटते. तर ते सीडॅकच्या परम महासंगणकांचा पाढा म्हणू लागले. १९९१ चा परम ८००० ब्रिटनच्या इनमॉसच्या ट्रान्सप्युटरवर. १९९८ चा परम १०००० सनच्या अल्ट्रास्पार्कवर. परम पद्म आयबीएमच्या पॉवरवर. २००८ चा परम युवा इंटेलवर. नाव तेच आणि आतला प्रोसेसर दर पिढीला वेगळा. आज तेच सीडॅक औम नावाचा प्रोसेसर आर्मच्या आराखड्यावर करत आहे आणि वेगा मालिका रिस्क-फाइव्ह या तिसऱ्या आर्किटेक्चरवर, ज्याला परवानाशुल्कच नाही. रिस्क-फाइव्हची सुरुवात २०१० मध्ये बर्कलीला झाली. आयआयटी मद्रासचा शक्ती प्रोसेसरही त्यावरच. आमच्यासारख्यांना भाड्याने घेण्याजोगं रिस्क-फाइव्हचं मशीन मुंबई रीजनच्या यादीत मला दिसलं नाही, त्यामुळे तो विषय तिथेच ठेवला.

२७ ऑगस्टला गणपती बसले आणि दहा दिवस कुणी कशाला हात लावला नाही. ग्राहकही फोन करत नाहीत, हे बरं.

सप्टेंबर डेटाबेसचा. आमचा डेटाबेस पोस्टग्रेस, तो आम्हीच चालवतो. मला वाटलेला सोपा मार्ग असा: चालू डेटाबेसची हुबेहूब प्रत आर्म मशीनवर सतत वाहती ठेवायची आणि ठरल्या रात्री तिलाच मुख्य करायचं. दोन्ही प्रोसेसर ६४ बिटांचे, बाइटचा क्रमही सारखाच, त्यामुळे प्रत तक्रार न करता सुरू होते. सुरू झालीही. मग खातेदार शोधून पाहिले. इंग्रजीतून टाकलेली नावं बरोबर येत होती. देवनागरीत 'पाटील' टाकलं की जुन्यावर पानभर यादी आणि नव्यावर त्यातले बरेच गायब. माहिती जाग्यावर होती, शोध तेवढा आंधळा झाला होता.

कारण पुन्हा तेच, 'चार'. नाव थोडंफार चुकलं तरी सापडावं म्हणून आम्ही पोस्टग्रेसचं पीजी-ट्रायग्रॅम हे जोडसाधन वापरतो, जिस्ट प्रकारच्या इंडेक्ससह (इंडेक्स म्हणजे शोधासाठीची सूची). ते तीन-तीन अक्षरांचे तुकडे करून क्रमाने लावतं. इंग्रजी अक्षरांचे बाइट १२८ च्या खालचे, त्यामुळे ऋण-धनाचा प्रश्न येत नाही. देवनागरीच्या तुकड्यांत वरचे बाइट येतात. एक्स८६ ला ते ऋण वाटतात, आर्मला धन, आणि क्रम बदलतो. एका प्रोसेसरने लावलेला इंडेक्स दुसरा नीट वाचू शकत नाही. पोस्टग्रेसवाल्यांना हे २०२४ मध्ये कळवलं गेलं होतं आणि २५ सप्टेंबर २०२५ ला आलेल्या १८ व्या आवृत्तीत त्यावर तोडगा आहे. आम्ही जुन्या आवृत्तीवर होतो. पण तुम्ही कुठल्याही आवृत्तीवर असा, मराठी नावांचा शोध आवर्जून तपासा. इंग्रजी ग्राहकांच्या कंपन्यांनी लिहिलेल्या अनुभवांत हा मुद्दा येणारच नाही, त्यांना तो दिसतच नाही.

हुबेहूब प्रतीचा नाद सोडून लॉजिकल रेप्लिकेशन घेतलं. त्यात फक्त ओळी वाहतात, इंडेक्स नव्या मशीनवर नव्याने बनतात. त्याचे तीन काटे: प्रत्येक टेबलाला प्रायमरी की, म्हणजे ओळ वेगळी ओळखणारा रकाना, लागते (आमच्या दोन जुन्या टेबलांना नव्हती), टेबलाच्या रचनेतले बदल आपोआप जात नाहीत म्हणून या काळात रचना गोठवायची, आणि सीक्वेन्सचे (पुढचा क्रमांक देणाऱ्या मोजणीचे) आकडे वाहत नाहीत. शेवटचं विसरलं तर नव्या मशीनवरची पहिलीच पावती जुना क्रमांक मागते आणि अडते.

कागदी कामंही याच महिन्यात. दोन्ही संच एकत्र चालवायचे तर मशीनच्या कोट्याची मर्यादा आड येते. इंटेल आणि ग्रॅव्हिटनच्या साध्या मालिका एकाच कोट्यात मोजल्या जातात, म्हणून वाढ मागावी लागते. मागणीत कारण आणि किती दिवसांसाठी ते स्पष्ट लिहा. आमची मंजुरी दोन-तीन दिवसांत आली, पण शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. दुसरं, सवलतीचे करार. आमचा एक वर्षाचा सेव्हिंग्ज प्लॅन एम५ मालिकेला बांधलेला होता आणि तो ३० सप्टेंबरला संपत होता. तो चालू असताना आर्मवर गेलो असतो तर रिकाम्या इंटेलचे पैसे भरत बसलो असतो. सगळं वेळापत्रक त्या तारखेभोवती बेतलं. रिझर्व्ह्ड इन्स्टन्स (मुदतीच्या कराराने राखून ठेवलेली मशीन) घेतली असतील तर आणखी जपा. ती बाजारात विकायची सोय भारतातल्या खात्यांना नाही. पुढचा प्लॅन घेताना मालिकेला न बांधलेला, कॉम्प्युट प्रकारचा घ्या. सवलत थोडी कमी, पण उद्या कुणाचाही प्रोसेसर स्वस्त झाला तर मोकळे.

३० सप्टेंबरचं सहामाही व्याज ही आमची खरी परीक्षा. जुन्या मशीनवर अधिकृत, नव्यावर मुकाट्याने शेजारी. दोन्ही निकाल जुळले. दादांना तक्ता दाखवला, त्यांनी चष्मा वर करून शेवटची बेरीज बघितली आणि "दिवाळीनंतर करा" एवढंच म्हणाले. दिवाळीच्या आधी पतसंस्थांत ठेवींची गर्दी असते, त्यात हात घालण्यात अर्थ नव्हता.

ऑक्टोबरात वेगळंच घोडं अडलं, तेही सर्व्हरवर नाही. १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा आधार संपणार म्हणून पतसंस्था नवे संगणक घेत होत्या. सातारा जिल्ह्यातल्या एका शाखेने घेतलेला लॅपटॉप नेमका आर्म प्रोसेसरचा निघाला. दुकानदाराने "बॅटरी दिवसभर चालते" सांगितलं, ते खरंच होतं. आमचा प्रोग्रामही त्यावर चालला, कारण विंडोज एक्स८६ चे प्रोग्राम आर्मवर नक्कल करून चालवतं. पण पासबुक प्रिंटर हलेना. नक्कल प्रोग्रामांपुरतीच असते, यंत्राचा ड्रायव्हर मात्र आर्मचाच लागतो, आणि त्या जुन्या प्रिंटरचा तो कुणी केलेला नव्हता. बोटाचा ठसा घेणाऱ्या यंत्राचंही तेच. व्यवस्थापक म्हणाले, "साहेब, नवीन घेतलाय आणि पासबुक हाताने लिहायचं का?" शेवटी तो लॅपटॉप सचिवांच्या टेबलावर गेला आणि काउंटरला साधा एक्स८६ संगणक आला. ग्राहकांना त्याच आठवड्यात एक पानी पत्रक पाठवलं: काउंटरसाठी खरेदी करताना प्रोसेसर इंटेल किंवा एएमडीचाच आहे ना, ते बिल करण्याआधी बघा. सर्व्हरला आर्म आणि काउंटरला एक्स८६, हे विचित्र वाटलं तरी आज व्यवहाराला तेच धरून आहे.

प्रत्यक्ष बदल ८ नोव्हेंबरच्या रात्री. दुसरा शनिवार, बँका बंद, रविवारचा दिवस हाताशी. आदल्या आठवड्यात डीएनएसची मुदत (सर्व्हरचा जुना पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा ती) एका मिनिटावर आणली. पिग्मी एजंटांना संध्याकाळी सातच्या आत जमा पाठवायला सांगितलं होतं. दोघांची उशिरा आली, त्यांची वाट पाहिली. साडेनऊला लिहिणं बंद केलं, शेवटच्या ओळी नव्या मशीनवर पोहोचल्याची खात्री केली, सीक्वेन्सचे आकडे पुढे नेले, आणि उलट दिशेचं रेप्लिकेशन सुरू केलं, म्हणजे नव्यावरचं जुन्याकडे. हे शेवटचं कृपा करून गाळू नका. परतीची वाट उघडी असली की रात्री हात थरथरत नाहीत. अकराच्या सुमारास सगळं नव्यावर होतं. पाच संस्थांची तेरीज छापून ताडली. सोमवारी सकाळी दहा ते बारा मी फोनजवळच बसलो होतो. एक फोन आला, तो पासवर्ड विसरल्याचा होता.

उलटं रेप्लिकेशन दोन आठवडे ठेवलं, मग जुनी मशीन बंद केली. मशीनवरचा भार दाखवणाऱ्या आलेखांबाबत एक सांगायचं राहिलं. आमच्या इंटेलवर दोन व्हीसीपीयू (भाड्याच्या मशीनमधला प्रोसेसर मोजायचं एकक) म्हणजे एकाच कोअरचे दोन धागे होते. ग्रॅव्हिटनवर प्रत्येक व्हीसीपीयू हा अख्खा कोअर. त्यामुळे जुन्यावर साठ टक्क्यांच्या पुढे सगळं मंदावू लागायचं, नव्यावर तेवढ्यावर काही जाणवत नाही. धोक्याची घंटा कुठे लावायची ते आकडे नव्याने ठरवावे लागले आणि त्यातून एक मशीन लहान करता आलं.

खर्चाचं खरं चित्र असं. सप्टेंबर आणि ऑक्टोबर मिळून दुहेरी मशीनचे लाखभर रुपये जास्त गेले, नोव्हेंबरातही थोडे. डिसेंबरचं बिल १ लाख २४ हजार, अधिक जीएसटी. यातली सगळी बचत आर्मची नाही. काही जुनी मालिका सोडल्याची, काही यादी करताना सापडलेल्या, कुणी वापरत नसलेल्या डिस्कची. वरचा खर्च तीनेक महिन्यांत भरून निघेल. आमचा वेळ त्यात धरलेला नाही, तो धरला तर वर्ष लागेल.

एनईएफटीची लायब्ररी अजून एक्स८६ चीच आहे. तिच्यासाठी एक छोटं इंटेल मशीन ठेवलं आहे, बाकीचा प्रोग्राम त्याला नेटवर्कवरून हाक मारतो. नकलेत चालवून पाहिलं होतं, पण पैशाच्या वाटेवर नक्कल नको असं दादांनी ठरवलं आणि मला ते पटलं. त्या कंपनीला दर महिन्याच्या एक तारखेला मेल जातो. बिल्ड मात्र दोन्ही प्रोसेसरसाठी चालूच ठेवला आहे. ३१ मार्चचं वर्षअखेरीचं व्याज एका रात्रीपुरतं भाड्याने घेतलेल्या एएमडी मशीनवर शेजारी काढून ताडणार आहोत. त्याचे साधारण चारशे रुपये मंजूर झाले आहेत.